कमी बजेटच्या गेमिंग पीसीसाठी रॅम: आधी बोर्ड बघा, मग वेग

रॅम घ्यायला निघण्याआधी मदरबोर्डाचं पूर्ण मॉडेल नाव लिहून घ्या. नुसतं ‘एच६१०’ किंवा ‘बी७६०’ एवढं पुरत नाही, कारण या चिपसेटवर (बोर्डाचा कारभार बघणारी मुख्य चिप) एकच कंपनी रॅमच्या आधीच्या पिढीचा, म्हणजे डीडीआर४ चा बोर्डही काढते आणि नव्या पिढीचा, म्हणजे डीडीआर५ चाही, आणि दोघांच्या नावात फरक असतो तो शेवटच्या एकदोन अक्षरांचा. बऱ्याच बोर्डांच्या नावाला ‘डी४’ जोडलेलं असतं, ती डीडीआर४ ची खूण. बॉक्स फेकून दिला असेल तर बोर्डावरच, ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटच्या आसपास, नाव छापलेलं सापडतं. कॅबिनेट उघडायचं नसेल तर सीपीयू-झेड नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाका आणि त्यातला ‘मेनबोर्ड’ टॅब बघा.

डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात, लांबीही सारखीच. पण मधली खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एकाच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नका. दोन्हीपैकी काहीही चालेल असा बोर्ड सर्वसाधारण बाजारात सहसा मिळत नाही, तेव्हा बोर्ड घेतला त्या दिवशीच रॅमची पिढी ठरलेली असते. लॅपटॉपची रॅम आखूड असते, ती डेस्कटॉपला लागत नाही.

आता प्रोसेसर. स्वस्तातल्या गेमिंग पीसीत आज प्रामुख्याने तीन प्रकारचे संच दिसतात.

पहिला एएम४ सॉकेटचा: रायझन ५ ५५००, ५६००, ५६००जी आणि सोबत ए५२०, बी४५० किंवा बी५५० बोर्ड. रॅम डीडीआर४. एएमडी या प्रोसेसरांसाठी अधिकृतपणे ३२०० चा वेग (सेकंदाला ३२०० दशलक्ष वेळा माहितीची देवाणघेवाण) सांगते, पण ३६०० बहुतेक बोर्डांवर विनातक्रार चालतो. त्यापुढे जाऊ नका. रायझनमध्ये मेमरीचा वेग आणि प्रोसेसरचे भाग आतून जोडणाऱ्या इन्फिनिटी फॅब्रिकचा वेग एकास एक जुळलेले असले तरच फायदा होतो. ३६०० च्या रॅमला फॅब्रिक १८०० मेगाहर्ट्‌झवर चालावं लागतं आणि तेवढं जवळपास प्रत्येक रायझन ५००० ला जमतं. ४००० ची रॅम घातली तर बोर्ड बहुधा ही जोडी तोडून मेमरी कंट्रोलर (प्रोसेसरमधला रॅम हाताळणारा भाग) निम्म्या वेगावर नेतो आणि जास्त पैसे देऊन गेम आणखी हळू चालतो. जुना रायझन १००० किंवा २००० मालिकेचा प्रोसेसर असेल तर अपेक्षा अजून खाली ठेवा. त्यांचे मेमरी कंट्रोलर हट्टी होते. ३२०० ची रॅम घ्या, पण ती २९३३ वर स्थिर चालली तरी समाधान माना.

दुसरा इंटेलचा एलजीए१७०० संच: आय३-१२१००एफ किंवा आय५-१२४००एफ. यांना डीडीआर४ ३२०० किंवा डीडीआर५ ४८००, दोन्ही चालतात. कोणतं ते बोर्डावर. बजेट आवळून धरायचं असेल तर इथे डीडीआर४ ३२०० घ्या आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. नावात ‘के’ अक्षर नसलेल्या या प्रोसेसरांत मेमरी कंट्रोलरला लागणारं सिस्टिम एजंट व्होल्टेज वाढवता येत नाही. त्यामुळे ३६०० ची डीडीआर४ ‘गिअर १’ मध्ये, म्हणजे कंट्रोलर रॅमच्याच वेगाने ठेवून, चालेलच याची खात्री नसते. ती गिअर २ मध्ये (कंट्रोलर निम्म्या वेगावर) घसरली की ३२०० पेक्षाही मागे पडते.

तिसरा एएम५ संच: रायझन ५ ७५०० एफ, ७६००, ८५००जी वगैरे. इथे फक्त डीडीआर५. अधिकृत वेग ५२००, प्रत्यक्षात सगळ्यांना मानवणारा ६०००. ए६२० सारख्या स्वस्त बोर्डावरही एक्सपो प्रोफाइल (रॅम बॉक्सवरच्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करता येतं, म्हणून महागडा बोर्ड फक्त रॅमसाठी घेण्याची गरज नाही.

जुना दहाव्या पिढीचा आय३ किंवा आय५ एच४१० अथवा बी४६० बोर्डावर असेल तर गोष्ट दोन मिनिटांत संपते. रॅम २६६६ वरच चालणार. ३२०० ची स्टिक बसेल, पण वेग २६६६ च राहील. स्वस्त मिळेल ती डीडीआर४ जोडी घ्या.

बॉक्सवरचा आकडा आणि खरा वेग

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. बॉक्सवर ‘३६००’ लिहिलेली रॅम बोर्डात घातली आणि पीसी सुरू केला तर ती ३६०० वर चालत नाही. ती सुरू होते जेडेक या संस्थेने ठरवलेल्या प्रमाणित वेगावर, म्हणजे स्टिकनुसार २१३३, २४०० किंवा २६६६ वर. बॉक्सवरचा वेग ही निर्मात्याने स्टिकच्या छोट्या चिपमध्ये भरून ठेवलेली वेगळी सेटिंग असते. इंटेलकडे तिला एक्सएमपी म्हणतात, डीडीआर५ वर एएमडीने एक्सपो आणलं, आणि आसुसच्या एएम४ बोर्डांवर हीच गोष्ट डीओसीपी नावाने सापडते. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगचा पडदा) जाऊन ती स्वतः चालू करावी लागते. वर्षानुवर्षं २१३३ वर चालणारी ३२०० ची रॅम असलेले पीसी गावोगाव आहेत, आणि त्यांचे मालक ‘नवीन गेम अडकतो’ म्हणून नवीन ग्राफिक्स कार्ड शोधत असतात.

याची दुसरी बाजू दुकानात कुणी सांगत नाही. काही बोर्डांवर हे प्रोफाइल चालूच करता येत नाही. कंपनीचा तयार डेस्कटॉप घेतला असेल तर त्याच्या बायोसमध्ये एक्सएमपीचा पर्याय अनेकदा नसतो. एच६१० वर मेमरी ओव्हरक्लॉक होत नाही, म्हणजे ठरलेल्या वेगापुढे नेता येत नाही; डीडीआर४ साठी ३२०० ही कमाल मर्यादा. अशा ठिकाणी ‘३६०० सीएल१८’ (सीएल म्हणजे काय ते पुढे येईल) ची रंगीबेरंगी जोडी नेली तर ती आपल्या जेडेक वेगावर, कदाचित २६६६ वर, येऊन बसेल. याउलट साधी, हीट स्प्रेडर (धातूचं आवरण) नसलेली, १.२ व्होल्टची ‘३२०० सीएल२२’ स्टिक जेडेकच्याच यादीतली असते. ती काही न करता ३२०० वर चालते. म्हणून बायोसमध्ये प्रोफाइलचा पर्याय नसेल तर साधी जेडेक स्टिक घ्या. असेल तर एक्सएमपीवाली घ्या. सीपीयू-झेडच्या ‘एसपीडी’ टॅबमध्ये प्रत्येक स्टिकचे जेडेक आणि एक्सएमपी वेग वेगळ्या रकान्यांत दिसतात.

सीएल म्हणजे मागितलेली माहिती हाती यायला लागणारी घड्याळाची आवर्तनं. हा आकडा एकटा बघून उपयोग नाही, कारण वेग वाढला की प्रत्येक आवर्तन छोटं होतं. खरा वेळ काढायचा तर सीएलला २००० ने गुणा आणि वेगाने भागा, उत्तर नॅनोसेकंदांत येईल. ३२०० सीएल१६ चं उत्तर १०. ३६०० सीएल१८ चंही १०. ६००० सीएल३० चंही १०. म्हणजे ‘सीएल३० केवढा मोठा, डीडीआर५ हळू असते’ हा गैरसमज. पण ३२०० सीएल२२ चं उत्तर १३.७५ येतं आणि ५२०० सीएल४० चं १५ च्या वर जातं. बजेटमध्ये डीडीआर४ घेताना ३२०० सीएल१६ किंवा ३६०० सीएल१८, यांतली जी स्वस्त ती घ्या. डीडीआर५ मध्ये ६००० सीएल३६ चं उत्तर १२ येतं. सीएल३० पेक्षा ती बरीच स्वस्त मिळत असेल तर मध्यम ग्राफिक्स कार्डाच्या पीसीत फरक शोधावा लागेल.

किती जीबी, किती स्टिक

१६ जीबी हा आजचा किमान आकडा धरा. ८ जीबीवर विंडोज, डिस्कॉर्ड, ब्राउझर आणि एखादा नवा गेम एकत्र चालवले की उरलेला भार एसएसडीवरच्या पेज फाइलवर जातो आणि गेम मधूनमधून झटके देतो. सरासरी एफपीएस चांगला दिसूनही खेळायला त्रास होतो तो यामुळे. ३२ जीबी परवडत असेल तर उत्तम, पण त्यासाठी ग्राफिक्स कार्ड एक पायरी खाली आणू नका.

१६ जीबी घ्यायची तर ८ च्या दोन स्टिक, एकाच पाकिटातल्या. डीडीआर४ ची एक स्टिक ३२०० वर सेकंदाला २५.६ जीबी माहिती वाहते, दोन वेगळ्या चॅनेलवरच्या (चॅनेल म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधली वाट) दोन स्टिक ५१.२ जीबी. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर एका स्टिकवरही काम भागतं, थोडा फटका बसतो. पण ५६००जी किंवा ८५००जी सारख्या प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर खेळायचं असेल तर एका स्टिकचा विचारही करू नका. त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ती हीच रॅम वापरतात. एका चॅनेलवर त्यांची अवस्था अरुंद बोळातून मिरवणूक नेल्यासारखी होते. शिवाय ते रॅममधला एक हिस्सा स्वतःसाठी बाजूला ठेवतात, म्हणून १६ जीबी घालूनही विंडोजला कमी दिसते. ते बिघाडाचं लक्षण नाही.

डीडीआर५ बाबत एक दावा ऐकायला मिळतो: ‘एकच स्टिक घ्या, हिच्यात आतूनच ड्युअल चॅनेल आहे’. खरं नाही. डीडीआर५ च्या स्टिकमध्ये ६४ बिटांची वाट ३२-३२ अशी दोन भागांत विभागलेली असते एवढंच. वाटेची एकूण रुंदी तेवढीच राहते. दोन स्टिकवर ती १२८ बिट होते.

८ जीबीच्या डीडीआर५ स्टिकमध्ये आणखी एक खोड आहे. त्यांत सहसा रुंद प्रकारच्या चारच चिप असतात आणि बँक ग्रुप (चिपमधले मेमरीचे गट) १६ जीबीच्या स्टिकच्या निम्मे, म्हणून त्याच वेगावरही त्या मागे पडतात. एएम५ वर जायचंच असेल तर १६ च्या दोन घेण्याइतके पैसे होईपर्यंत थांबणं किंवा सध्या १६ ची एकच घेऊन पुढे जोड देणं, असे दोन मार्ग राहतात. आतल्या ग्राफिक्सवर खेळणाऱ्याने मात्र ८ च्या दोनच घ्याव्यात. डीडीआर४ मध्येही ८ जीबीच्या काही स्वस्त स्टिकवर चारच चिप असतात. लेबलवर ‘१आर×१६’ असेल तर ती ही हळू जात, ‘१आर×८’ असेल तर नेहमीची.

‘आत्ता एक घेतो, पुढच्या वर्षी तशीच दुसरी’ हा बेत डीडीआर४ वर ३२०० पर्यंत बऱ्याचदा जमतो, पण हमी नाही. तेच मॉडेल, तोच वेग असूनही निर्माता आतल्या चिप बदलतो: आज सॅमसंगच्या, उद्या हायनिक्स किंवा मायक्रॉनच्या. वेगळ्या चिपच्या स्टिक एकत्र आल्या की एक्सएमपीवर पीसी अडखळतो आणि वेग खाली आणावा लागतो. घेतलीच तर लेबलवरचा संपूर्ण भाग क्रमांक आणि व्हर्जन नंबर जुळवून घ्या. क्षमता वेगळी असेल, म्हणजे ४ ला ८ ची जोड, तर ८ जीबीपर्यंतचा भाग दोन चॅनेलवर चालतो आणि उरलेले ४ जीबी एकावर. दोन्ही स्टिक अर्थातच हळू असलेल्या स्टिकच्या वेगाने.

चार स्लॉट आहेत म्हणून चार स्टिक भरू नका. रायझन ७००० वर चार डीडीआर५ स्टिकसाठी एएमडीचा अधिकृत वेग ३६०० आहे, दोन स्टिकसाठीच्या ५२०० च्या तुलनेत.

बोर्ड कंपनीच्या साइटवर प्रत्येक मॉडेलच्या सपोर्ट पानावर तपासलेल्या रॅमची यादी असते. यादीत आपली स्टिक असेल तर निर्धास्त. नसेल तर ती चालणार नाही असा अर्थ काढू नका, कारण प्रत्येक कंपनी काही ठरावीक स्टिकच तपासते. ३२०० च्या डीडीआर४ साठी यादी बघितली नाही तरी सहसा बिघडत नाही. ६००० च्या डीडीआर५ साठी मात्र बघाच.

जुना माल आणि लेबल

२०२५ च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी ओढून घेतली आणि रॅमचे भाव जगभर चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर क्रुशिअल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा लॅमिंग्टन रोड असो, दिल्लीचं नेहरू प्लेस असो किंवा ऑनलाइन जाहिराती, सेकंडहँड डीडीआर४ कडे लोक वळणारच. वळायला हरकत नाही. रॅम सहसा वापराने झिजत नाही. पण लेबल वाचता आलं पाहिजे.

लेबलवर ‘पीसी४’ म्हणजे डीडीआर४, ‘पीसी५’ म्हणजे डीडीआर५. पुढचा आकडा पाच अंकी असेल तर त्याला ८ ने भागा, वेग मिळतो: २५६०० म्हणजे ३२००, १९२०० म्हणजे २४००. त्यानंतरच्या अक्षरावर लक्ष ठेवा. ‘यू’ म्हणजे साधी डेस्कटॉपची, ‘एस’ म्हणजे लॅपटॉपची, ‘आर’ म्हणजे सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम. ही शेवटची बाजारात भंगारातल्या सर्व्हरमधून ढिगाने येते आणि संशय यावा इतकी स्वस्त मिळते. डीडीआर४ ची रजिस्टर्ड स्टिक रायझन किंवा कोअर आय५ च्या बोर्डात बसते, पण डिस्प्ले येत नाही. ओळखायची खूण: स्टिकच्या बरोबर मध्यभागी, इतर चिपपेक्षा वेगळ्या आकाराची एक चिप आणि एका बाजूला ८ ऐवजी ९ मेमरी चिप. इंटेलचा जुना, सर्व्हरसाठीचा झिऑन प्रोसेसर आणि एक्स९९ बोर्ड असा संच असेल तरच ती उपयोगी, आणि तिथेही साध्या रॅमसोबत मिसळून चालत नाही. ‘ई’ असेल तर ती ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणारी) पण रजिस्टर नसलेली. बऱ्याच रायझन बोर्डांवर ती चालते, पण मॉडेल तपासल्याशिवाय घेऊ नका.

विकणाऱ्याकडे चालू पीसीवर स्टिक लावून सीपीयू-झेडचा एसपीडी टॅब दाखवायला सांगा आणि त्यातला भाग क्रमांक लेबलशी ताडून बघा. लेबल बदलता येतं, चिपमधली माहिती बदलायला जास्त उद्योग लागतो. नवीन घेताना जीएसटी बिल घ्या. मोठ्या ब्रँडच्या रॅमची वॉरंटी अनेक वर्षांची असते आणि ती मागताना बिल लागतं.

कॅबिनेटबद्दल एकच गोष्ट: साधी स्टिक साधारण ३१ मिलिमीटर उंच असते. वर चमकणाऱ्या दिव्यांची पट्टी असली की उंची ४० च्या पुढे जाऊ शकते आणि मोठ्या टॉवर कूलरचा पंखा तिच्यावर आदळतो. कूलरच्या माहितीपत्रकात रॅमसाठीची जागा दिलेली असते.

बसवणं

पीसी बंद करा, वायर काढा, पॉवर बटण एकदा दाबून उरलेला विद्युतभार निघून जाऊ द्या. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा वापरा. बोर्डावर त्यांना ए२ आणि बी२ म्हटलेलं असतं. शेजारशेजारच्या दोन स्लॉटमध्ये घातल्या तर बहुतेक बोर्डांवर दोन्ही स्टिक एकाच चॅनेलवर जातात. खाच जुळवून दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सारखा दाब द्या, ‘टक’ आवाज येईपर्यंत. कित्येक बोर्डांवर एकाच बाजूला खटका असतो. दुसरी बाजू अर्धवट राहण्याची चूक तिथेच होते.

एएम५ वर पहिल्यांदा सुरू करताना पडदा कित्येक मिनिटं काळा राहू शकतो. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, त्याला ट्रेनिंग म्हणतात. घाबरून पॉवर बंद केली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू. दहा मिनिटं वाट बघा. त्याआधी बायोस अद्ययावत केलेलं बरं: एएम५ च्या सुरुवातीच्या बायोसमध्ये एक्सपोवर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागांना मिळणारं) प्रमाणाबाहेर जाण्याचा प्रश्न होता, २०२३ मध्ये एएमडीने त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली.

पीसी सुरू झाला की डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा, प्रोफाइल निवडा, सेव्ह करा. मग विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ खाली ‘मेमरी’ उघडून वेग बघा. सीपीयू-झेडमध्ये ३२०० ऐवजी १६०० दिसेल. ते बरोबर आहे, कारण डीडीआर घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते.

मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर घालून त्यावरून पीसी सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. एकही चूक दाखवली तर रॅम नापास; ‘एवढ्या गीगाबाइटमध्ये एकच तर आहे’ असं म्हणायचं नाही. आधी प्रोफाइल बंद करून पुन्हा तपासा. तेव्हा चूक येत नसेल तर स्टिक चांगली आहे, वेग जास्त झाला. ३६०० वरून ३४०० किंवा ३२०० वर आणा. प्रोफाइल बंद असतानाही चूक येत असेल तर एकेक स्टिक वेगळी तपासा आणि दोषी स्टिक सापडली की ती एकटी न देता पूर्ण जोडी बदलून मागा.

डिस्प्लेच येत नसेल तर बोर्डावरचा ‘ड्रॅम’ लिहिलेला छोटा दिवा पेटलाय का बघा. पेटला असेल तर एकच स्टिक ए२ मध्ये ठेवून सुरू करा. तरीही नाही तर सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळ स्थितीत आणा: वायर काढून बोर्डावरची गोल बॅटरी पाच मिनिटं बाहेर काढा किंवा बोर्डाच्या पुस्तिकेत दाखवलेल्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने क्षणभर जोडा. जुनी स्टिक असेल तर सोनेरी पट्टी पांढऱ्या मऊ खोडरबराने हलकेच घासण्याचा दुकानातला उपाय चालतो, पण चुरा स्लॉटमध्ये पडला तर नवं दुखणं. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं सुती कापड त्याहून बरं.

गेम चालू असतानाच निळा पडदा येत असेल आणि मेमटेस्ट स्वच्छ असेल तर डीडीआर४ चं व्होल्टेज १.३५ वरून १.३७ करून बघा. त्यानेही फरक पडला नाही तर रॅमचा पिच्छा सोडून पॉवर सप्लाय आणि ग्राफिक्स ड्रायव्हर तपासायला घ्या.